बेंडिगोचे भूमिपुत्र: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीतल्या सोन्यावरचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि एवढी सविस्तर तक्रार लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. दोन ओळींत भागेना, म्हणून हा पसारा.

तुमचं म्हणणं असं: चिन्यांवरच्या कराला मी वर्णद्वेष म्हटलं हा आजचा चष्मा आहे, खरं भांडण पोटाचं होतं. चिनी कमी मजुरीत राबायचे, सोनं उचलून मायदेशी पाठवायचे, तिथे राहायचा त्यांचा विचारच नव्हता, मग भूमिपुत्रांनी विरोध केला तर बिघडलं कुठे? शिवाय रोब हे बंदर मी व्हिक्टोरियात टाकलं, ते साउथ ऑस्ट्रेलियात आहे. आणि मुलीकडे मेलबर्नला गेला असताना तुम्ही बॅलरॅटचं सॉव्हरिन हिल, म्हणजे जुन्या खाणवस्तीचं खुलं संग्रहालय, पाहिलंत, ओढ्यात थाळी घेऊन वाळूही धुतलीत, चिनी वस्तीचा देखावाही पाहिलात, पण एवढं कडू कुणी काही सांगितलं नाही.

रोबपासून सुरू करतो, कारण तिथे माझी चूक आहे, आणि ती साधी नाही. सगळी गंमत त्या सीमेतच आहे. १८५५ साली व्हिक्टोरियाने कायदा केला: उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे १० पौंड कर, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे फक्त एक चिनी प्रवासी. म्हणजे ५०० टनांच्या जहाजातून ५० माणसं. जहाजवाल्यांनी काय केलं असेल? सीमेच्या अलीकडे, साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोबला माणसं उतरवायला सुरुवात केली. तिथे तोवर कर नव्हता. गाव जेमतेम काहीशे वस्तीचं, आणि १८५७ पासून तिथे सुमारे १६ हजार चिनी उतरले.

तिथून खाणींपर्यंत ४०० किलोमीटरच्या वर चाल. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन्ही टोकांना टोपल्या, त्यात तांदूळ, भांडी, अंथरूण, आणि एकामागे एक अशी शेकडो माणसांची रांग. वाटाडे पैसे घेत, त्यातले काही अर्ध्या वाटेत सोडून पळून जात. १८५७ मध्येच अशा एका तांड्याला वाटेत सोनं सापडलं आणि तिथे अरारॅट हे गाव उभं राहिलं. ज्यांना येऊ द्यायचं नव्हतं त्यांनी वाटेत गाव वसवलं! हे मूळ लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

आता मजुरीचं. व्हिक्टोरियात त्या काळी बहुतेक चिनी कुणाच्या मजुरीवर नव्हतेच. गोऱ्या खाणकामगारासारखेच ते स्वतःसाठी खणत, त्यामुळे ‘कमी मजुरीत राबून इतरांची भाकरी हिसकावली’ हा हिशेब तिथे बसत नाही. पुष्कळदा तर गोऱ्यांनी एकदा धुऊन टाकून दिलेली माती ते पुन्हा धूत. आपल्याकडे सराफ कट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ धुणारे झारेकरी असतात ना, तसं. झारेकऱ्याने सराफाचं दुकान लुटलं असं कुणी म्हणत नाही. पाण्यावरून मात्र खरी भांडणं होती. उन्हाळ्यात ओढे आटत, माती धुवायला पाणी भरपूर लागतं, आणि वरच्या अंगाला कुणी पाणी गढूळ केलं की खालचा तडकतो. पोटाचं भांडण होतं हे तुमचं म्हणणं इथवर मला मान्य आहे.

पण पाण्यावरून आयरिश आणि इंग्रज माणसंही भांडत, म्हणून कुणी आयरिश लोकांवर उतरताना १० पौंड बसवले नाहीत. भांडण पोटाचं आणि कायदा कातडीचा, असं का झालं, हा माझ्या लेखाचा प्रश्न होता. तो मी नीट मांडला नाही, हे कबूल.

‘भूमिपुत्र’ या शब्दापाशी तर मी थबकलोच. १८५१ मध्ये व्हिक्टोरियाची युरोपीय वस्ती होती सुमारे ७७ हजार. दहा वर्षांत ती ५ लाख ४० हजारांच्या आसपास गेली. म्हणजे चिन्यांना ‘परके’ म्हणणारा माणूस बहुधा स्वतःच चार-पाच वर्षांपूर्वी जहाजातून उतरलेला. सोनं सापडलं नाही तर तोही न्यूझीलंडला ओटागोला जायचा, नाहीतर घरी परतायचा. बेंडिगो या व्हिक्टोरियातल्या खाणगावाचे खरे भूमिपुत्र म्हणजे तिथले आदिवासी जाजावुरुंग लोक. त्यांची शिकारीची रानं आधी मेंढपाळांनी घेतली, मग खाणकामगारांनी ओढे खणून पालथे केले. ते आजही त्या प्रदेशाला ‘उलटापालटा केलेला मुलूख’ म्हणतात. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि माझ्याही लेखात त्यांच्यावर एकच वाक्य होतं. यावर तुम्ही मला धरायला हवं होतं, रोबपेक्षा जास्त.

आता तुम्ही ज्यावर बोट ठेवलं नाहीत, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते. युरेकाच्या उठावाची जागा तुम्ही सॉव्हरिन हिलजवळच पाहिली असेल. ३ डिसेंबर १८५४, बॅलरॅट. महिना १ पौंडाचा खाणपरवाना आणि शिपायांची अरेरावी यांविरुद्ध खाणकामगार उठले, गोळीबारात माणसं मेली. त्यानंतरच्या चौकशी आयोगाने परवाना रद्द करून वर्षाला १ पौंडाचा ‘मायनर्स राइट’ (खाणकामाचा हक्कपत्र) सुचवला, त्यासोबत मताचा हक्कही आला. ऑस्ट्रेलियन लोकशाहीची सुरुवात म्हणून तो उठाव अभिमानाने सांगितला जातो. त्याच आयोगाने त्याच अहवालात चिन्यांचं येणं रोखावं असंही सुचवलं, आणि १८५५ संपायच्या आत दोन्ही कायदे झाले. एका खाणकामगाराला १ पौंडात मत, दुसऱ्याला पाय ठेवायलाच १० पौंड. ज्यांना मत मिळालं, त्यांच्या मतांना जागणारं सरकार मग चिन्यांना आवरणारच. चिन्यांनी गप्प सोसलं असंही नाही. अर्ज केले, आणि १८५९ मध्ये त्यांच्यावरच्या निवास-कराविरुद्ध चक्क करबंदी केली.

गंमत म्हणजे ३० जून १८६१ ला न्यू साउथ वेल्समधल्या लॅम्बिंग फ्लॅटला जमाव चिन्यांच्या तंबूंवर चालून गेला, तेव्हा पुढे बँड वाजत होता आणि कापडी फलकावर ‘रोल अप, नो चायनीज’ असं रंगवलेलं होतं. त्या फलकावर युरेकाच्या झेंड्यावरचंच तारामंडळ आहे, सदर्न क्रॉस. तंबू जाळले, माणसांच्या वेण्या कापल्या. हजाराहून जास्त चिन्यांना जेम्स रॉबर्ट्स नावाच्या गोऱ्या मेंढपाळाने आपल्या वाडीवर आसरा दिला. (‘सगळे गोरे एका बाजूला’ असं मी लिहिलंय असा तुमचा समज झाला असेल तर हे नाव लक्षात ठेवा.) त्याच वर्षी त्या वसाहतीनेही चिन्यांना रोखणारा कायदा केला. दंगल करणाऱ्यांना हवं ते मिळालं. गावाचं नाव पुढे बदलून यंग केलं, फलक तिथल्या संग्रहालयात आहे.

‘राहायचा विचारच नव्हता’ म्हणता, तर १८६१ च्या शिरगणतीत व्हिक्टोरियात २४ हजारांवर चिनी होते आणि बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. उसन्या पैशांवर आलेला माणूस, प्रत्येक डोक्यामागे १० पौंड असताना, बायको आणणार कशी? आधी कुटुंब येऊ द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, हे संसार करायला आलेच नाहीत. सोनं आटल्यावरही बरेच मागे राहिले, भाजीचे मळे केले.

आणि हे फक्त चिन्यांपुरतं राहिलं नाही. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एक झाल्यावर पहिल्याच वर्षी बाहेरून येणाऱ्यांना रोखणारा जो कायदा आला, त्यात श्रुतलेखनाची परीक्षा होती: अधिकारी म्हणेल त्या युरोपीय भाषेत ५० शब्द लिहा. ही युक्ती आली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीकडून. तिथे १८९७ मध्ये ती हिंदी लोकांना, म्हणजे आपल्यालाच, अडवायला काढली होती. १९३४ मध्ये तर अनेक भाषा येणाऱ्या एगॉन किश या लेखकाला अडवायला स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं! तेव्हा ‘आजचा चष्मा’ म्हणाल तर चष्मा त्यांच्याच नाकावर होता, त्यांनी तो कायद्यात लिहून ठेवला.

कुणी काही सांगितलं नाही, असं तुम्ही म्हणता. २०१७ च्या मे महिन्यात चिनी वंशाची काही मंडळी रोबहून मेलबर्नपर्यंत चालत गेली, आणि व्हिक्टोरियाच्या प्रीमियरांनी (म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्यांनी) या कराबद्दल जाहीर माफी मागितली. मुलीकडे पुन्हा गेलात तर एक दिवस अरारॅटसाठी ठेवा, तिथे ‘गम सान’ नावाचं चिनी वारसा केंद्र आहे. गम सान म्हणजे सोन्याचा डोंगर.

रोबची चूक मूळ लेखात दुरुस्त केली आहे.