सशाच्या मांसाच्या दराविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार ताई,

आपण आमच्या दुकानाविषयी लिहिलेला अभिप्राय मी पूर्ण वाचला. आपल्या लॅब्राडोरसाठी आपण आमच्याकडून सशाचा कच्चा खिमा नेत होता. ससा गवतावर जगतो आणि महिन्याला पिल्ले देतो, तरी त्याचे मांस चिकनच्या तिप्पट दराने विकणे ही लूट आहे, असे आपण म्हटले आहे. ऐन श्रावणात सोलापुरात चिकन-मटणाचे दर उतरलेले असताना आम्ही मात्र किलोचा दर ७२० वरून ७८० रुपयांवर नेला, गावाकडे दीड-दोनशे रुपयांत अख्खा ससा मिळतो, आणि सकाळी दूध-भाकरी आणि बाकी वेळी फक्त ससा असे तीन आठवडे देऊनही कुत्र्याची खाज थांबली नाही, हेही आपले म्हणणे आहे. हाच खिमा नेणारी इतर कुटुंबेही आपला अभिप्राय वाचत असल्यामुळे दराचा सगळा हिशेब मी येथेच उघड मांडतो.

सध्या ससेपालक शेतकऱ्याला आम्ही जिवंत वजनावर किलोला ३२० रुपये देतो, म्हणजे दोन किलोचा एक ससा ६४० रुपयांना पडतो. सशाचे पोट त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठे असते. कातडे, पाय, रक्त आणि गवताने भरलेली आतडी काढून टाकल्यावर माणसांच्या खाण्यासाठी सोललेल्या सशाचा उतारा, म्हणजे जिवंत वजनातून हाती येणारा माल, ५० ते ५५ टक्केच येतो. कुत्र्यांसाठी आम्ही डोके, हाडे, कलेजी, हृदय आणि मूत्रपिंडेही घेतो, त्यामुळे उतारा ६० टक्क्यांपर्यंत जातो आणि दोन किलोच्या सशामागे सव्वा किलोलाही थोडा कमी, म्हणजे १२०० ग्रॅम माल हाती लागतो. खिमा होण्याआधीच किलोला ५३३ रुपये लागलेले असतात, ते असे. त्यावर कापणे-सोलणे-सफाई ५० रुपये, वाहतूक ४५ रुपये, आणि खिमा, पाकीट व डीप फ्रीझरची वीज मिळून ६० रुपये. ही बेरीज ६८८ होते. उरलेल्या ९२ रुपयांत दुकानाचे भाडे, कामगारांचा पगार, नाकारलेल्या मालाचे नुकसान आणि आमचा नफा बसवावा लागतो. याला लूट म्हणायचे की नाही, हे आपणच ठरवावे.

आता चिकनशी तुलना. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होते, तिला एक किलो वजनासाठी पावणेदोन किलोच्या आतबाहेर खाद्य पुरते, आणि तिचा उतारा ७० टक्क्यांच्या आसपास असतो. सशाला दोन किलोचे व्हायला अडीच-तीन महिने लागतात आणि प्रत्येक किलो वजनामागे तो तीन ते चार किलो खाद्य खातो. गवत तो खातो हे अगदी खरे आहे, परंतु नुसत्या गवतावर त्याची वाढ आणखी लांबते, म्हणून लसूणघासाच्या जोडीला गोळी पेंड विकत आणावीच लागते. कोंबडीच्या धंद्यात पिल्ले, खाद्य, औषधे, खरेदी आणि यांत्रिक कत्तल अशी सगळी साखळी उभी आहे. सशाच्या बाबतीत आपल्या भागात यातले काहीच नाही. प्रत्येक जनावर हातानेच कापावे आणि सोलावे लागते, आणि कातड्याला येथे गिऱ्हाईक नाही.

महिन्याला पिल्ले देण्याचा हिशेबही कागदावरच खरा ठरतो. मादीचा गाभणकाळ ३१ दिवसांच्या आसपास असतो आणि एका वेताला सहा ते आठ पिल्ले होतात, हे बरोबर आहे. पण पिल्लांना महिनाभर दूध पाजल्यावर मादीला विसावा दिला नाही, तर ती खंगते आणि पुढची पिल्ले कमजोर निपजतात. जाणता शेतकरी वर्षाला पाच-सहा वेतांवर थांबतो. त्यातही मरतूक धरावी लागते.

श्रावणातील दरवाढीचे कारण मला थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण आपला मुख्य आक्षेप तोच आहे आणि सोलापूरकरांना ते कारण चटकन पटेल. सशाला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांच्या वाटे बाहेर टाकतो. १५ ते २५ अंशांत तो सुखी असतो, ३० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि ३५ च्या पुढे त्याचा जीव धोक्यात येतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो, हे आपण दरवर्षी सोसतो. शेडच्या पत्र्यावर पाला टाकून, भोवती ओली पोती बांधून आणि कूलर लावून शेतकरी जनावरे जगवतो खरा, परंतु या दिवसांत नरांचे वीर्य निकामी होते आणि ते पूर्ववत व्हायला पुढे दीड-दोन महिने जातात. एप्रिल-मेमध्ये माद्या भरल्या नाहीत की मे-जूनमध्ये पिल्ले होत नाहीत, आणि तेव्हा जी पिल्ले झाली नाहीत तीच नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विक्रीला हवी असतात. माणसे श्रावण पाळतात म्हणून चिकन-मटणाची मागणी घटते आणि दर उतरतो. सशाचा माल मात्र त्याच महिन्यात सर्वांत कमी असतो. मोहोळ तालुक्यातील आमच्या शेतकऱ्यांकडे तयार ससे नसल्यामुळे सध्या आम्ही सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील थंड भागातून जनावरे आणतो, तीही रात्रीच्या प्रवासाने. जिवंत वजनाचा दर २९० वरून ३२० झाला, त्यामुळे मांस किलोमागे ५० रुपयांनी महागले, आणि लांबच्या वाहतुकीचे आणखी १० रुपये वाढले. आपण विचारलेले ६० रुपये हेच आहेत. देशात सशांच्या पैदाशीचे सरकारी संशोधनही तमिळनाडूत कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर येथे आणि हिमाचल प्रदेशात गडसा येथे, अशा थंड डोंगराळ भागांत चालते. सोलापुरात ससा पाळणारा शेतकरी हवामानाच्या विरुद्ध झगडत असतो, आणि त्याचा भाव पाडून आम्ही आपल्याला स्वस्त माल द्यावा, हे मला मान्य नाही.

गावाकडे दीड-दोनशे रुपयांत मिळणारा ससा हा रानससा असतो. पाळीव ससा आणि रानससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानसशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. त्याची शिकार करणे, तो विकणे आणि विकत घेणे हे सर्व गुन्हे आहेत. आपल्या भागात कारवान जातीची शिकारी कुत्री घेऊन सशामागे जाण्याची जुनी सवय आहे, हे मी जाणतो. परंतु सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळरानावर जे काही वन्यजीवन आज शिल्लक आहे, ते अशाच सवयींतून वाचवावे लागत आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसासाठी पाळीव सशाला परवानगी आहे. मध्यंतरी त्याचे नाव यादीत नसल्यामुळे ससेपालक अडचणीत आले होते आणि अनेकांनी शेड मोडली, त्यामुळेही आज पुरवठा तोकडा आहे. आमच्या दुकानात रानससा कधीही मिळणार नाही.

नाकारलेल्या मालाचा उल्लेख वर केला आहे, तो काय असतो हेही सांगतो. ससा उघडल्यावर आमचा माणूस प्रथम कलेजी उजेडात धरून पाहतो. तिच्यावर पांढरट-पिवळे ठिपके असतील, तर तो रक्ती हगवणीच्या जातीचा यकृताचा रोग असतो आणि ती कलेजी फेकली जाते. नंतर पोटातील चरबीचा पडदा बोटांवर पसरून पाहिला जातो. त्याला वाटाण्याएवढे, पाण्याने भरलेले पारदर्शक फोड चिकटलेले दिसले, तर ती पट्टकृमीची अवस्था असते. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, ते गवत ससा खातो, आणि तो ससा कच्चा खाल्लेल्या कुत्र्याच्या आतड्यात पुन्हा पट्टकृमी वाढतो. असा ससा आम्ही घेत नाही आणि त्या शेतकऱ्याला चाऱ्याच्या तुकड्याभोवती जाळी मारायला सांगतो. पास झालेला मालही उणे २० अंशांत किमान दहा दिवस ठेवल्याशिवाय विकला जात नाही. या दहा दिवसांत पैसा अडकतो आणि वीज जळते. ही पायरी गाळली तर दर थोडा उतरेल, परंतु मी ती गाळणार नाही. गोठवल्याने कृमी मरतात, साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत. याच कारणाने अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने २०१२ पासून कच्च्या मांसाच्या आहाराविरुद्ध भूमिका घेतली आहे. ज्या घरात तान्ही मुले, गरोदर स्त्री किंवा आजारी वृद्ध आहेत, त्यांना आम्ही बिनहाडाचा खिमा नेऊन शिजवून घालण्याचाच सल्ला देतो. हाडासकट खिमा मात्र शिजवू नये.

राहिला आपल्या कुत्र्याचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ३० किलोच्या कुत्र्याला वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे रोज ६०० ते ७५० ग्रॅम मांस लागते. आजच्या दराने तो खर्च महिन्याला सुमारे १४,००० ते १७,५०० रुपये होतो. निरोगी कुत्र्यावर असा खर्च करण्याची काहीही गरज नाही; त्याला चिकन चालते आणि आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगतो. सशाचे मांस फार कमी चरबीचे असते, त्यामुळे कायम तेवढ्यावरच कुत्रा ठेवणे आहाराच्या दृष्टीनेही योग्य नाही. ससा उपयोगी पडतो तो अन्नाची ॲलर्जी तपासण्यासाठी, म्हणजे पूर्वी न खाल्लेले एकच मांस देऊन खाज थांबते का हे पाहण्यासाठी, कारण बहुतेक कुत्र्यांनी तो पूर्वी कधी खाल्लेला नसतो.

परंतु या तपासणीला साधारण आठ आठवडे लागतात, आणि त्या काळात दुसरे काहीही पोटात जाता कामा नये. कुत्र्यांत बीफ, दुग्धजन्य पदार्थ, चिकन आणि गहू यांची ॲलर्जी सर्वाधिक आढळते. आपण रोज सकाळी दूध-भाकरी देत होता. ज्वारीची भाकरी असली तरी दूध रोज पोटात जात होते, म्हणून तीन आठवड्यांवरून ससा निरुपयोगी ठरला असे म्हणता येत नाही. बिस्किटे आणि चिकनच्या चवीच्या जंताच्या गोळ्याही या काळात बंद ठेवाव्या लागतात. त्याआधी पिसवा-गोचीड नाहीत ना, हे पशुवैद्यकाकडून पाहून घ्यावे, कारण खाजेचे कारण तेच निघाले तर मांसावर रुपयाही खर्च करण्याची गरज उरत नाही.

पशुवैद्यकांनी चिठ्ठी दिली, तर आठ आठवड्यांचा पूर्ण माल आम्ही ७२० रुपयांच्या जुन्या दराने देऊ; ही सवलत केवळ आपल्यासाठी नाही, चिठ्ठी आणणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. तो खिमा यंत्र पूर्ण उघडून धुतल्यावर, चिकनला हात लावण्यापूर्वी केला जाईल. आठ आठवड्यांनंतर पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली चिकन पुन्हा सुरू करून पाहावे, आणि खाज परतली नाही तर ससा बंद करावा. न उघडलेली पाकिटे फ्रीझरमध्येच राहिलेली असतील, तर ती बर्फाच्या पेटीतून आणून द्यावीत, पूर्ण पैसे परत मिळतील. आम्ही ती पुन्हा विकणार नाही.

आपला विश्वासू,
दुकानचालक, सोलापूर