होम प्लेटवर माणूस पाडणं म्हणजे बेसबॉल नव्हे

बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक दावा कायम फिरत असतो: होम प्लेटवरची धडक, म्हणजे धाव पूर्ण करायला जिथे पोचायचं त्या शेवटच्या बेसवर धावत येणाऱ्या रनरने तिथे चेंडू पकडायला उभ्या असलेल्या कॅचरला (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) पाडणं, हा खेळाचा प्राण होता, एका लाडक्या खेळाडूचा पाय मोडला म्हणून मेजर लीगने (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग) 2014 साली ती बंद केली आणि खेळ मिळमिळीत करून टाकला. मला हा दावा मुळापासून चुकीचा वाटतो.

"धडक पहिल्यापासून खेळाचा भाग आहे." खेळाचा भाग नव्हे, खपवून घेतलेली गोष्ट. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर रनरने क्षेत्ररक्षकाला मुद्दाम खांदा मारून आडवं केलं, तर अंपायर त्याला बाद देतो. क्रिकेटमध्येही जाणूनबुजून अडथळा आणणारा फलंदाज बाद ठरतो. डोळेझाक व्हायची ती फक्त होमवर. तिथे रनरला बाद करायला कॅचरने त्याला सहसा चेंडूसकट टॅग करावं, म्हणजे चेंडू हातात धरून शिवावं लागतं. धडकेने चेंडू निसटला की रनर सेफ, म्हणजे नाबाद. म्हणजे थ्रो अचूक आला, कॅचरने तो वेळेत पकडला, तरी माणूस पाडून धाव वसूल करता यायची. ज्याने आपलं काम चोख केलं त्यालाच शिक्षा, हा कुठला न्याय?

"कॅचर चिलखत घालूनच बसतो." ते चिलखत समोरून येणाऱ्या चेंडूसाठी आहे. उजव्या क्षेत्रातून थ्रो येतो तेव्हा कॅचरची नजर चेंडूवर असते आणि पूर्ण वेगातला रनर तिसऱ्या बेसकडून, दुसऱ्याच बाजूने येतो. 25 मे 2011 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जायंट्स संघाच्या बस्टर पोझीचं, त्याच लाडक्या कॅचरचं, असंच झालं. बाराव्या डावात मार्लिन्स संघाचा स्कॉट कझिन्स त्याच्यावर आदळला. चेंडू पोझीच्या हातात टिकलाच नव्हता. पायाचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले, मोसम संपला. कझिन्सने तेव्हाच्या नियमाबाहेर काही केलं नव्हतं, तरी त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तोही या प्रथेचाच बळी.

"पण पोझी तर पुढच्याच वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला!" ठरला. मग रे फॉसी या कॅचरचं काय? 14 जुलै 1970, सिनसिनाटी, ऑल-स्टार सामना (निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना), पुन्हा बारावा डाव. पीट रोझने फॉसीला उडवून विजयी धाव घेतली. जिद्दीचा नमुना म्हणून हे दृश्य आजही कौतुकाने दाखवलं जातं. या सामन्याच्या निकालाने गुणतक्त्यात तसूभरही फरक पडणार नव्हता. फॉसी 23 वर्षांचा होता आणि मोसमाच्या पहिल्या भागात त्याने 16 होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे टोले) मारले होते. उरलेल्या मोसमात फक्त 2. पहिल्या एक्स-रेत खांद्याचं फ्रॅक्चर दिसलंच नाही. ते पुढच्या वर्षी कळलं, आणि तोवर तो त्याच खांद्याने खेळत राहिला. एका मोसमात 12 पेक्षा जास्त होमरन त्याला पुन्हा कधी मारता आले नाहीत. पोझी सावरला म्हणून धडक निरुपद्रवी ठरत नाही.

आणि एकट्या पोझीसाठी नियम बदलला म्हणावं, तर नवा नियम त्याच्या दुखापतीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी आला. त्यासाठी आग्रह धरणारे संघ-व्यवस्थापक ब्रूस बोची आणि माइक मॅथेनी स्वतः पूर्वी कॅचर होते. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे मॅथेनीला तर खेळच सोडावा लागला होता.

थरार गेला म्हणणाऱ्यांनी हल्लीचा एखादा सामना पाहावा. रनर प्लेटच्या बाहेरून घसरत जातो, एक हात मागे घेऊन दुसऱ्याने प्लेट शिवतो, कॅचर वळून ग्लव्ह फिरवतो. खरं कौशल्य हे आहे.

एक तक्रार मात्र रास्त होती. सुरुवातीला स्पष्ट बाद असलेले रनरही केवळ कॅचर कुठे उभा होता यावरून सेफ ठरायचे. म्हणून सप्टेंबर 2014 मध्ये लीगने खुलासा केला की, कॅचरने रनरला खरोखर अडवलं असेल तरच तो दोषी. शिवाय नियमाने सगळाच स्पर्श निषिद्ध केलेला नाही. चेंडू हातात असेल तर कॅचर आजही वाट अडवू शकतो. रनरला मनाई आहे ती आपला सरळ मार्ग सोडून कॅचरच्या अंगावर जाण्याची.