कॅरमला उपयोगाचा दाखला कशाला?

नागपूरच्या आमच्या कॉलनीत सध्या वाद पेटलाय. समाजभवनातला कॅरम बोर्ड उचलून तिथं अभ्यासिका करायची की नाही? एक बाजू म्हणते, स्पर्धा परीक्षेच्या वयात पोरांनी गोट्या मारत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. दुसरी बाजू म्हणते, कॅरमनं एकाग्रता वाढते, कोन समजतात, गणित सुधारतं. मला राग येतो तो या दुसऱ्या बाजूचा. बोर्ड वाचवायला निघाले आणि तोही अभ्यासाच्याच दावणीला बांधला!

मी सध्या राहतो जर्मनीत. इथं लाइपझिगमध्ये फायरआबेंडनंतर, म्हणजे दिवसाचं काम आटोपल्यावर, कुणी बागेत खुर्ची टाकून नुसता बसला, तर त्याला कुणी हिशेब मागत नाही. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास सुट्टी हवी, असा कायदा आहे. त्या तासांत काय शिकलात, हे कायदा विचारत नाही. श्रेबरगार्टन, म्हणजे शहरात भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या बागा, त्यांच्यासाठीच्या 1983 च्या कायद्यात तर भाजीपाल्याच्या जोडीला विश्रांती हाही हेतू म्हणून लिहिलाय. आपल्याकडे मात्र विश्रांती घ्यायची ती चोरून, नाहीतर फायदे सांगून.

कॅरममध्ये डोकं निवतं, कारण त्याचा पसारा छोटा आहे. 9 काळ्या गोट्या, 9 पांढऱ्या, एक राणी. गोटी पाच-साडेपाच ग्रॅमची, स्ट्रायकर फार तर 15 ग्रॅमचा. नेम हुकला तर पाळी गेली, थोड्या वेळानं परत येते. तोवर दुसऱ्याचा खेळ बघायचा, मनात काही धरून ठेवायचं नाही.

भांडण्यापेक्षा त्या बोर्डाकडे बघा. मे महिन्यात तो कूलरच्या झोतासमोर ठेवतात, तिथंच बिघडतो. ओलसर हवेनं प्लाय फुगतो, बोरिक पावडरच्या गुठळ्या होतात आणि गोटी अर्ध्यात अडते. मग लोक आणखी पावडर ओततात. पावडर चिमूटभरच हवी, मधोमध टाकून सुक्या सुती कापडानं पसरलेली. जास्त झाली की कडेला साचते आणि रिबाउंडचा वेग मारते. ओलं फडकं कधीच लावू नका. खेळ झाल्यावर बोर्ड आडवा, सपाट ठेवा. भिंतीला तिरका टेकवून ठेवला की प्लायला बाक येतो आणि गोट्या एकाच बाजूला सरकतात. शंका आली तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ पट्टी आडवी धरा; पट्टीखालून उजेड दिसला तर बोर्ड वाकलाय. आणि खेळून झाल्यावर हात धुवा, बोरिक पोटात जायला नको.

दूर बसून शहाणपण सांगणं सोपं, असं कॉलनीत म्हणतील. म्हणोत. बोर्ड इथंही मागवता येतो. पण स्काट या इथल्या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर पत्ते कळले तरी थट्टा अर्धीच कळते, आणि नेम हुकल्यावर ‘का बे, झोपला का?’ असं म्हणणारं कुणी नसतं. नागपूर माझं गावच आहे, म्हणून इतकं तावातावानं लिहितोय.

अभ्यासिका जरूर करा. वरची खोली रिकामी आहे, तिथं करा. दिवसभर रट्टा मारून खाली उतरलेल्या पोरांना दोन डाव खेळू द्या, आणि त्यानं मार्क वाढतात का, हे विचारू नका.