एक तारा मिळालेल्या स्पिटफायरबद्दल, गॅरेजच्या मालकाकडून

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजला ऑनलाइन रिव्ह्यूत एक तारा दिलात, हरकत नाही. गाडी तुमची, पैसे तुमचे. पण सोबत टाकलेले दोन फोटो आता रत्नागिरीतल्या निम्म्या गॅरेजवाल्यांच्या मोबाइलवर फिरतायत, म्हणून उत्तरही इथेच, चारचौघांत देतो.

तुमचं गाऱ्हाणं थोडक्यात असं: ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मागच्या सस्पेन्शनचं सगळं काम करून घेतलं, तरी गाडी मागून उंच दिसते आणि मागची चाकं फेंगडी उभी राहतात. अलाइनमेंटच्या दुकानात मशीनने कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, लाल दाखवला. आरे-वारेच्या वळणावर गाडी मागून सुटल्यासारखी वाटली. बिल अंदाजापेक्षा वाढलं, अख्खा पावसाळा त्यात गेला आणि वर, ‘हे लोक दोरी लावून अलाइनमेंट करतात’.

दोरी नाही साहेब, तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा. त्यावर येतोच.

आधी फोटो. पहिल्या फोटोत मागचं चाक वरून बाहेर आणि खालून आत गेलेलं दिसतंय, ते खरंच आहे. पण त्याच फोटोच्या डाव्या कोपऱ्यात जॅकचा लाल दांडाही दिसतोय. गाडी नुकती खाली उतरवलेली आहे. या गाडीला मागे स्विंग ॲक्सल आहे. म्हणजे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा) चासीला घट्ट बसवलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट, आणि प्रत्येक शाफ्ट आतल्या बाजूच्या एकाच क्रॉसवर, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटवर, वरखाली झुलतो. बाहेरच्या टोकाला चाक शाफ्टशी कायम काटकोनात. गाडी उचलली की बगळ्याने पंख सोडावेत तसे दोन्ही शाफ्ट खाली लोंबतात आणि चाकांचे तळ आत जातात. गाडी खाली ठेवली तरी टायर जमिनीला धरून बसतो, त्याला बाहेर सरकता येत नाही. दोन-चार मीटर पुढे-मागे ढकलली की चाकं आपोआप जागेवर येतात. गाडी ताब्यात देताना आमच्या मिस्त्रींनी तुम्हाला हे अंगणात ढकलून दाखवलं होतं. तेव्हा तुम्ही फोनवर होतात.

मिस्त्रींचा हात बसला तो स्टँडर्ड हेरल्डवर. मद्रासला बनायची ती, आणि मागे हीच व्यवस्था. स्पिटफायर 1962 ला विलायतेत आली ती हेरल्डचीच चासी आखूड करून. हेरल्डची चाकं अशी पोटात गेलेली बघून तेव्हाही लोक घाबरायचे. पुढे स्टँडर्डने गॅझेल काढली, तिला मागे सरळ अखंड ॲक्सल दिला. आपल्याकडच्या गिऱ्हाइकांना झुलणारा ॲक्सल फारसा मानवलाच नव्हता. तेव्हा तुम्हीच पहिले आहात असं समजू नका.

आता उंचीचं. जुनी आडवी कमान, म्हणजे डिफरन्शियलच्या डोक्यावर आवळलेली लीफ स्प्रिंग, बसून सपाट झाली होती. त्यामुळे चाकं वरून आत झुकलेली आणि टायरची आतली कड तारेपर्यंत घासलेली. नवी कमान टाकली की गाडी सुरुवातीला मागून उंच राहणारच. काही शे किलोमीटर चालली की पाटे बसतात आणि उंची उतरते. या गाडीत मागचा कॅम्बर फिरवायला बोल्टच नाही. जेवढी उंची, तेवढा कॅम्बर. त्यामुळे ‘कॅम्बर सेट केला नाही’ हा आरोप मला कसा मान्य करावा तेच कळत नाही. जी गोष्ट सेट होतच नाही, ती मी करणार कुठून?

दुसरा फोटो अलाइनमेंटच्या कागदाचा. तो तुम्ही स्वतःच टाकलात हे बरं झालं. वरच्या ओळीत गाडीचं नाव वाचा. मशीनच्या यादीत स्पिटफायर नसणार, म्हणून त्या पोराने हाताला येईल ती आजकालची छोटी हॅचबॅक निवडली आहे. मग तिच्या हद्दीत तुमचा कॅम्बर लाल नाही येणार तर काय? मशीन चांगलंच आहे, मीही आधुनिक गाड्या तिथेच पाठवतो. पण त्याच कागदावर दोन ओळी खाली मागचा टो, म्हणजे चाकाची पुढची कड किती आत-बाहेर वळली आहे ते, बघा. डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा सारखा आहे. या गाडीत मागे जुळवता येते ती एवढीच गोष्ट, आणि ती आम्ही तंगुसाने जुळवली होती.

कशी, तेही सांगतो, म्हणजे ‘दोरी’वाल्यांची थट्टा करणाऱ्यांना कळेल. चार स्टँड घेऊन गाडीच्या दोन्ही बाजूंनी चाकांच्या मध्याच्या उंचीवर तंगूस ताणायचा. आपला मासेमारीचाच, कारण सुतळी झोळ खाते आणि तंगूस खात नाही. दोन्ही तंगूस एकमेकांना आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर हवेत. इथेच नवखा फसतो. तुमच्या मार्क थ्रीचा, म्हणजे 1967 ते 1970 मधल्या मॉडेलचा, पुढच्या चाकांमधला गाळा 49 इंच आणि मागचा 48. चारही चाकांपासून सारखंच अंतर धरलं तर तंगूस तिरका बसतो आणि सगळी मापं खोटी पडतात. एकेका बाजूला अर्धा इंच सोडून चालावं लागतं. मग रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून तंगुसापर्यंत पोलादी पट्टीने माप घ्यायचं. चाकाला धरून बॉडीपर्यंत जाणारा जो दांडा आहे, रेडियस आर्म, त्याच्या ब्रॅकेटमागे शिम, म्हणजे पातळ पत्र्याचे तुकडे, असतात. शिम घातला की चाक मागे सरकतं आणि त्याची पुढची कड बाहेर वळते. काढला की आत. प्रत्येक बदलानंतर गाडी ढकलून पुन्हा जागेवर आणायची, मगच माप. आणि हे सगळं दोन्ही सीटवर माणसांच्या वजनाइतक्या तांदळाच्या गोणी ठेवून. रबरी बुशचे बोल्टही त्याच वजनाखाली शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

बिल वाढलं ते ह्याच रेडियस आर्मपायी. ते पुढच्या टोकाला चासीला बसत नाहीत, सीटमागच्या पत्र्याला बसतात. तुमची गाडी भाट्याला खाडीच्या तोंडाशी शेडमध्ये उभी होती. खारा वारा आणि चार महिने ओल. गालिचा उचलला तर उजव्या ब्रॅकेटभोवतीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचला आणि तो आरपार गेला. अशा पत्र्यावर शिम लावून टो जुळवणं म्हणजे तुमच्याकडून फुकट पैसे घेणं. तो भाग कापला, नवा जाड पत्रा वेल्ड केला, आतून मेण मारलं. कापण्याआधी तुम्हाला फोटो पाठवले होते आणि तुमचं ‘ओके, करा’ आलं होतं. ते माझ्याकडे आहे, इथे टाकत नाही.

वेळेचं म्हणाल तर मागचे हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने बसतात, आणि तुमचे इतके जाम होते की पुलर लावून, ताण देऊन रात्रभर तसेच ठेवावे लागले. डावा सकाळी सुटला तेव्हा तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, शेजारचे वेल्डिंगवाले धावत आले. आत सुयांचं बेअरिंग थेट शाफ्टवर फिरतं. ग्रीस घालायच्या जागी नुसतं बूच असतं आणि ते कुणी वर्षानुवर्षं उघडलेलं नव्हतं. शाफ्टवर बेअरिंगची खोबण पडलेली. असा शाफ्ट घासून-पुसून परत घालणारे लोक आहेत, मी नाही. सामान इंग्लंडहून आलं, कस्टममध्ये बसलं. त्यात आम्ही काय करणार होतो?

तुमचे पुण्याचे मित्र विचारतात की मार्क फोरची पिव्हटवाली कमान का नाही टाकली. प्रश्न चांगला आहे. 1970 च्या मार्क फोरमध्ये कंपनीने सगळ्यात खालचा पाटाच तेवढा आवळला आणि बाकीचे मधल्या खिळीवर डोलू दिले. त्यामुळे वळणावर मागची बाजू उचलून चाक पोटात जायची सवय बरीच कमी झाली. पण गाडी जास्त कलू नये म्हणून पुढचा अँटी-रोल बारही त्यांनी जाड केला. नुसती मागची कमान बदलणं हे अर्धं काम, आणि तुम्हीच पहिल्या दिवशी म्हणालात, ‘सगळं ओरिजिनल हवं.’ आता दोन्ही बदलायचं असेल तर बोलू. माझं मत विचाराल तर आपल्या रस्त्यांना तेच बरं.

तोवर आरे-वारेला एक सांभाळा. वेगात वळणात शिरून मध्येच ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचलला तर ही गाडी मागून सुटणारच. नवी असतानाही सुटायची. वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय हलका दाबून ठेवायचा. समोर समुद्र कितीही छान दिसत असला तरी.

भाग बदललेच नाहीत अशी शंका एका भल्या माणसाने खाली प्रतिक्रियेत काढली आहे. जुनी कमान, बुश, दोन्ही शाफ्ट आणि बेअरिंग पोत्यात बांधून तुमच्या डिकीत, स्टेपनीशेजारी ठेवलं आहे. उघडून बघा आणि त्यांनाही दाखवा.

कमान बसली की उंची आणि टो पुन्हा तपासून द्यायचं आपलं ठरलं होतं. ते बिलातच आहे, वेगळे पैसे नाहीत. मिरजोळे एमआयडीसीत सोमवार सोडून कधीही आणा, फक्त सकाळी लवकर, कारण दुपारी अंगणात ऊन येतं आणि तंगूस दिसत नाही. येण्याआधी टायरची हवा बघून घ्या: या गाडीत पुढे कमी आणि मागे जास्त लागते. अलाइनमेंटवाल्याने चारही चाकांत सारखी भरली असेल तर ती उतरवा, अर्धी तक्रार तिथेच जाईल.