चिअरलीडर म्हणजे फक्त चौकारावर नाचणारी नव्हे हो

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या चिअरलीडर म्हणे सगळ्या एकाच छापाच्या, गोऱ्या, बारीक, अभ्यासात ढ, आणि काम काय तर पोरांच्या मॅचला पोमपोम हलवायचे. माझी भाची न्यू जर्सीत अकरावीला आहे, दोन वर्षं चिअरमधे आहे, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते.

‘एकाच छापाच्या’. अहो, एका स्टंटमधेच, म्हणजे एकीला वर उचलून धरायच्या कसरतीत, तीन तऱ्हा असतात. वर जाते ती फ्लायर, फोटो तिचेच येतात. खाली दोन बेस, तिचे पाय तळहातावर पेलणाऱ्या, आणि मागे बॅकस्पॉट, जिने घोटे धरायचे आणि वरची घसरली तर डोकं-खांदे आधी झेलायचे. भाची बेस आहे. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर हात वर केला तर दंडभर निळे डाग, मनगटाला टेप, आणि ताई इकडे रडायच्या बेतात, ही मात्र हसतेय की काल फ्लायरची टाच बसली म्हणून. शिवाय साइडलाइनवाल्या वेगळ्या, त्या फुटबॉल मॅचला पब्लिकला ओरडायला लावतात. कॉम्पिटिशनवाल्यांचं अडीच मिनिटांचं रुटीन असतं, समोर जज. ऑल-स्टार तर शाळेचं नसतंच, प्रायव्हेट जिमचं असतं, कुठल्याच टीमसाठी ओरडत नाहीत. फॉरवर्डवाल्याच्या डोक्यात आहे ती बहुतेक डान्स टीम, किंवा 2008 पासूनची आपली आयपीएल.

‘पोरींचं काम’. सुरुवातच पुरुषाने केली, 1898 ला मिनेसोटा युनिव्हर्सिटीत जॉनी कॅम्पबेलने. मुली तिथे आल्या 1923 ला. धाकटे बुश साहेब, राष्ट्राध्यक्ष झाले ते, हायस्कूलमधे हेड चिअरलीडर होते.

‘गोऱ्याच असतात’. असतात नाही, ठेवायचे. टेक्ससच्या क्रिस्टल सिटीत शाळेत बहुतेक पोरं मेक्सिकन वंशाची, तरी चार चिअरलीडरमधे त्यांची एकच घ्यायची असा शिक्षकांचा अलिखित नियम. डिसेंबर 1969 ला पोरं वर्ग सोडून रस्त्यावर आली, जानेवारीत शाळा चालवणाऱ्या स्कूल बोर्डाला बऱ्याच मागण्या मान्य कराव्या लागल्या, आणि त्याच मेक्सिकन वंशाच्या माणसांचा ला रासा उनिदा नावाचा पक्ष एप्रिलमधे स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत निवडूनही आला. चिअरलीडरवरून!

‘हा काय खेळ आहे का’. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धा मार्क देते, कारण 2010 ला एका कॉलेजच्या केसमधे कोर्टच म्हणालं होतं की कॉम्पिटिटिव्ह चिअर अजून खेळात धरता येत नाही, नियम एकसारखे नाहीत वगैरे. पण 2021 ला ऑलिम्पिक कमिटीने चिअरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली, ते फॉरवर्डमधे कुठाय?

राहिलं ‘ढ’. भाचीच्या शाळेत ग्रेड घसरली की सरळ बाहेर बसवतात. तिला फॉरवर्ड वाचून दाखवला तर विचारते, मावशी, ढ म्हणजे काय गं?