उभा शे ना!

डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, तुमच्या विहिरीपर्यंत तार ज्या लाकडी बल्ल्यांवरून गेली आहे, त्या बल्ल्यांची निगा कशी राखायची हे तुम्ही आजवर कुणाला विचारलेलं नाही. फार चांगलं केलंत. पण गावात एखादा नवा पोरगा निघतोच, कृषी पदविका वगैरे घेऊन आलेला, आणि नाही ते प्रश्न विचारतो. त्याला गप्प कसं करायचं हे ठाऊक असावं, म्हणून हे चार अनुभवाचे बोल. माझा अधिकार म्हणाल तर एवढाच, की अमळनेर तालुक्यात बोरीच्या काठी आमचा मळा आहे, त्यात सात बल्ल्या आहेत, आणि गेल्या वीस वर्षांत त्या सातांनी मिळून अकरा वेळा लोटांगण घातलं आहे.

सरकारी पोल सिमेंटचा असतो, नाहीतर लोखंडी. तो डीपीपाशी येऊन थांबतो. तिथून पुढे मोटारीपर्यंत आपण, आपली तार आणि आपलं नशीब. तेव्हा आधी लाकूड आणू.

साग घ्या. मात्र घेताना बुंध्याकडचा कापलेला गोल चुकूनही पाहू नका. त्यात मधे तपकिरी गाभा असतो आणि भोवती पांढरट कडं. सागाची जी कीर्ती तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकलीत, वाड्याच्या खांबांची, शंभर वर्षं टिकलेल्या तुळयांची, ती सगळी त्या गाभ्याची. पांढऱ्या लाकडाला वाळवी, म्हणजे आपली उधई, बाभळीच्या काड्यांइतक्याच आवडीने खाते. आता स्वस्तात मिळणारी बल्ली असते कोवळ्या झाडाची. तिच्यात गाभा करंगळीएवढा आणि बाकी सगळं पांढरं. पण साग तो साग! विकणारा म्हणतो सातपुड्याचा, आपण म्हणायचं हो सातपुड्याचा. निलगिरीची बल्ली त्याहून सरळ नि त्याहून स्वस्त. ती मातीत जास्त दिवस तग धरत नाही, म्हणजे दुकानदाराशी तुमचा स्नेह टिकतो.

आणलेली बल्ली ओलीच रोवा. काही शहाणे तिला सावलीत, जमिनीला न टेकवता, महिनोन्‌महिने वाळवतात. का, तर ओल्या लाकडात आधीच पाणी भरलेलं, औषध शिरणार कुठून? बरोबर आहे, पण औषध लावायचंच कुणी ठरवलंय?

औषधाचं आपल्याकडचं नाव जळकं ऑईल. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं काळं ऑईल बुडख्याला ब्रशने फासलं की शेजारी विचारतो, ‘काय लावलं?’, आणि आपण म्हणतो, ‘ट्रीटमेंट.’ ते लाकडात नखभरसुद्धा उतरत नाही. पण दिसतं काळं, आणि काळं म्हणजे मजबूत ही आपली पक्की समजूत. ती आली बहुधा रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांवरून. सुरत-भुसावळ लाईनच्या आसपास राहिलेल्यांना तो उग्र वास आठवत असेल. उन्हाळ्यात त्या स्लीपरांतून काळा रस पाझरायचा. ते होतं क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं. १८३८ साली इंग्लंडात जॉन बेथेल नावाच्या माणसाने ते लाकडात घालायच्या रीतीचं पेटंट घेतलं. रीत अशी, की लाकूड लोखंडी टाकीत बंद करायचं, आधी आतली हवा ओढून घ्यायची आणि मग दाबाने औषध ठासायचं. म्हणजे इंग्रज माणूस लाकडाच्या पोटात औषध घालत होता, आणि आपण त्याला काजळ लावतो. दृष्ट न लागण्यापुरतं तेवढं पुरेसं आहे.

दुसरं औषध तर आपल्याच देशात निघालं, ते विसरून जाणं सगळ्यात सोपं. १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम या शास्त्रज्ञाने तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला रोखतं, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात घट्ट बसवतं. जगभरातल्या विजेच्या आणि टेलिफोनच्या असंख्य खांबांत हे हिरवट औषध गेलं. असा खांब नीट जपला तर चाळीस वर्षं सहज उभा राहतो. तुम्हाला कधी असा जुना हिरवट खांब मोडलेला सापडला, तर तो घरी आणून चुलीत घाला. आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. धुरातही तोच, राखेतही तोच. त्या राखेने भांडी घासली की पाहुणे पुन्हा जेवायला यायचे नाहीत.

आता रोवणी. नियम सांगतो की पोलाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत हवा. चोवीस फुटी बल्लीला चार फूट खड्डा. नियम करणारा मे महिन्यात खानदेशात आलेला नसावा. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, काळी जमीन भेगाळून दगड झालेली, पहार मारली की ठिणगी. दोन फुटांवर गडी कपाळ पुसतो आणि तुमच्याकडे बघतो. तुम्ही आभाळाकडे बघा. दोन फूट पुरे. उरलेल्या दोन फुटांची भरपाई म्हणून एक तार घेऊन बल्ली बांधावरच्या निंबाला बांधा. याला ताण म्हणतात. पुढे निंबच हलायला लागतो, पण तो वेगळा विषय आहे.

खड्डा बुजवल्यावर बुडाशी सिमेंटचा छान गोल ओटा करा. लाकूड उन्हात आकसतं, ओटा आकसत नाही, मधे बोटभर फट पडते, आणि पावसाळ्यात त्या फटीत पाणी साचून राहतं. वर चुना-गेरू लावा. ओट्यावर माणसं बसतात, विडी ओढतात, पोलाला पाठ टेकतात. शोभा वाढते.

एवढं केलंत की पुढचं काम बुरशी करते. तिला ओल हवी आणि हवाही हवी. वर, तारेपाशी, हवा भरपूर पण लाकूड कोरडं. खोल जमिनीत ओल भरपूर पण हवा नाही. दोन्ही मिळतात ते जमिनीच्या सपाटीला आणि तिथून खाली हात-दीड हात. पोल मरतो तो तिथे. आणि आपण पोलाकडे बघतो ते कुठे? वर. तार लोंबली का, तार ज्यावर बसते तो चिनीमातीचा कप फुटला का, कावळा चिकटला का. वीस वर्षं मी वरच बघत आलो. मान दुखायला लागली, तरी खाली काही बघितलं नाही.

त्या कृषी पदविकेवाल्या पोराने, माझ्याच पुतण्याने, एकदा हातोडी आणली. म्हणाला, ‘काका, ठोकून बघू या.’ जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत पोलाभोवती फिरत ठोकत जायचं. चांगलं लाकूड ठणकतं, हातोडी हाताला परत येते. आतून गेलेलं लाकूड ‘भद्द’ बोलतं. मी हसलो. मग मला आठवलं, आदल्याच रविवारी बाजारात त्याची काकू माठ घेत होती. नऊ माठ तिने बोटांनी वाजवले, कानाशी धरले, दोन परत ठेवले, कुंभाराशी भांडली, मग एक घेतला. तीन महिन्यांच्या गार पाण्यासाठी एवढी परीक्षा. जिच्याखालून आमचा बैल, गडी आणि नातू रोज जातात, त्या बल्लीला मात्र कुणी टिचकीही मारलेली नव्हती.

पोरगा तिथेच थांबला नाही. शिकलेली माणसं थांबत नाहीत. बुडाशी दीड फूट माती उकरली आणि टोकदार पेचकस लाकडात खुपसायला लागला. पहिल्या बल्लीत तो शिरेना. तिसरीत मुठीपर्यंत गेला, भिजलेल्या बिस्किटात जावा तसा. मग ड्रिल आणलं. जमिनीच्या सपाटीपासून तिरकं खाली, गाभ्याच्या दिशेने भोक पाडायचं आणि बाहेर काय येतं ते बघायचं. फिक्या कोरड्या चकल्या आल्या तर लाकूड जिवंत. तपकिरी ओला भुगा आला तर गेलं. पाडलेलं भोक औषधात बुडवलेल्या खुंटीने बुजवायचं, नाहीतर आपणच बुरशीला दार उघडून दिल्यासारखं. आत बोरॉनच्या कांड्याही घालतात म्हणे. कॅरमवर टाकतो त्या बोरिक पावडरची थोरली बहीण. जिथे ओल, तिथे ती विरघळून पसरते, म्हणजे औषध आपणहून दुखण्याच्या जागी जातं. परदेशात हे सगळं साधारण दहा वर्षांनी प्रत्येक पोलाचं करतात. त्यांना कामं नसतात.

यातला एक हिशेब मात्र मला मनापासून आवडला, कारण तो माणसांनाही लागू पडतो. आठ इंच जाडीच्या पोलाला मधोमध चार इंचांची पोकळी पडली, तर वाकवणाऱ्या जोरापुढे त्याची ताकद किती जाते? सोळा आण्यांतला फक्त एक आणा. तोच पोल आतून शाबूत, पण बाहेरून चहूकडून एकेकच इंच कुजला, तर सोळातले नऊ आणे गेले. ताकद जाडीच्या घनात मोजतात. सहाचा घन दोनशे सोळा, आठाचा पाचशे बारा, करा वजाबाकी. थोडक्यात, पोल आतून पोकळ असला तरी बराच काळ निभावतो, बाहेरचं कवच पक्कं हवं. पंचायत समितीच्या निवडणुका लढवलेल्या कुणालाही हे ड्रिल न मारता समजतं.

म्हणून त्या कवचावर खिळे ठोका. औषध मारलेल्या पोलाचं औषध बाहेरच्या इंच-दोन इंचातच असतं, तेव्हा खिळा तिथूनच गेला पाहिजे. आमच्या रस्त्याकडच्या बल्लीवर एका साहेबांच्या वाढदिवसाच्या पाटीचे सहा खिळे आहेत, कापसाच्या बियाण्याच्या जाहिरातीचे चार, कानबाईच्या उत्सवात भोंगा टांगायला मारलेला एक मोठा, आणि शेळी बांधायची कडी. शेळी बल्लीला अंग घासते, गडी तिथेच तोंड धुतो, बुडाशी ओल राहते. सगळं एकमेकांना धरून चाललंय.

पुतण्याने सातांपैकी तिघींवर विटकरीने फुली मारली. मी आप्पांना सांगितलं. आप्पा माझे चुलते, वय त्र्याऐंशी, शेताचा शेवटचा शब्द त्यांचा. ते खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. ‘उभा शे ना?’ त्यांनी विचारलं. म्हटलं, उभा आहे. ‘मंग काय व्हयनं! पडी तवय दखू.’

आणि खरंच उभ्या होत्या हो! महिनाभर. हे कोडं मला वायरमनभाऊंनी उलगडून दाखवलं. झंपर, म्हणजे तारेला तार जोडणारा तुकडा, जोडायला आले होते. शिडी टेकवायच्या आधी त्यांनी बल्लीला हाताने जरा ढकललं, ती बुडातून हलली, आणि ते दोन पावलं मागे सरले. म्हणाले, ‘भाऊ, पुस्तकात पोल तारेला धरतो. तुमच्याकडे तारेने पोलाला धरलंय. मी वर जाऊन तार सोडली, की पोल आणि मी बरोबरच खाली.’ ते चढले नाहीत. तुमच्याकडे असा वायरमन आला तर त्याची भित्रा म्हणून गावभर चर्चा करा. आम्ही केली.

रोहिणीत वादळ आलं. रावेर-यावलकडे केळी झोपली, आमच्याकडे बल्ल्या. पुतण्याने फुली मारलेल्या तिन्ही, आणि तारेने ओढली म्हणून फुली नसलेली एक. लाईट आधीच गेलेली होती, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. वीज नसण्याचा असा फायदा आमच्या भागात वारंवार होतो. मोटार बंद, ठिबक बंद, मे अखेरची लागवड तहानलेली. वीज कंपनीच्या कचेरीत गेलो. डीपीच्या पुढचं तुमचं, असं सांगून साहेबांनी पंखा माझ्याकडे वळवला. वागणुकीला नाव ठेवायला जागा नाही.

परत आलो तेव्हा आप्पा स्वतः बांधावर आलेले, हातात काठी. त्यांनी पडलेल्या बल्लीच्या वरच्या अंगावर काठी मारली. ठण्! बघा, म्हणाले, चांगली आहे. आणि खरंच वरची सगळी बल्ली खणखणीत होती. गेले होते ते बुडाचे दोन फूट. मग सुताराकडून तेवढे कापून घेतले, बल्ली दोन फूट पुढे सरकवून पुन्हा रोवली, जळकं ऑईल फासलं, ओटा केला. ही आमच्या घराण्याची जुनीच रीत आहे. चोवीस फुटांची बल्ली बावीसची होते, मग विसाची, मग अठराची. नवं लाकूड विकत घ्यावं लागत नाही. त्यातल्या एकीचा हा चौथा जन्म आहे. तिच्यापाशी चाऱ्याची गाडी आली की गडी वरच्या पेंढ्या उतरवून ठेवतो, गाडी पलीकडे नेतो, आणि पेंढ्या परत चढवतो.

परवा आप्पा तिच्याखाली उभे राहिले. हात वर केला, तार किती अंतरावर आहे ते मापलं, आणि समाधानाने माझ्याकडे वळून म्हणाले, ‘आते शिडी लागाव नई.’