‘फ्लेक्सवर ट्राऊट, तळ्यात सिप्रिनस’ या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. एक स्टार दिलासा, आमच्या पोरानं दाखवला, आता जेवून उत्तर लिहायला बसलोय त्यामुळं लांबलं तर सांभाळून घ्या. तुमचं म्हणणं असं की फ्लेक्सवर ट्राऊट, तळ्यात निघाला सिप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प मासा), फ्लाय फिशिंगचे, म्हणजे पिसाची नकली माशी लावून गळ टाकायचे, 800 रुपये घेऊन दुपारभर एकच मासा लागला, तो पण घरी न्यायला दिला नाही, आणि परदेशात तळ्यात हायब्रीड टायगर ट्राऊट सोडतात मग हे का सोडत नाहीत, नुसता पैसा वाचवतात.

फ्लेक्सचं आधी बोलतो. चूक आमचीच. फ्लेक्सवाल्याला ‘मासा टाक की एखादा चांगला’ एवढंच सांगितलेलं, त्यानं नेटवरनं ठिपक्याठिपक्यांचा ट्राऊट उचलून लावला, आणि प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा मी ऊसतोडीच्या टोळीशी हुज्जत घालत होतो, मोबाईल नंबर बरोबर आहे का तेवढं बघितलं आणि ओके म्हणून मोकळा झालो. त्याचं खापर फ्लेक्सवाल्यावर फोडणार नाही.

पण पैसा वाचवतो हे काय पटलं नाही बघा. ट्राऊट हा थंड पाण्याचा मासा, 10 ते 16 अंशात खूष असतो, 20 च्या वर गेलं की त्याचं खाणं सुटायला लागतं आणि 25 च्या आसपास जिवावर बेततं. तुम्ही आलासा त्या दिवशी दुपारी दोनला मी थर्मामीटर बुडवला होता, वरचं पाणी 31. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन पण कमी राहतो, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर कितीबी फिरवा. हिमाचलला तीर्थन नदीत मी स्वतः उतरलोय, मे महिना होता तरी पाच मिनिटात पायाची बोटं बधिर, तिथं ट्राऊट जगतो. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम, अरुणाचल, खाली निलगिरी आणि मुन्नारचा डोंगर, असली थंड ठिकाणंच त्याची आपल्याकडं. कोल्हापूरच्या उन्हात सोडला तर दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगंल, मग तुम्हीच दुसरा रिव्ह्यू टाकशीला.

आता टायगर ट्राऊट. व्हिडिओ मी पण बघितलेत, अंगावर वाघासारखी नक्षी, नाद खुळा मासा आहे. मादी ब्राऊन ट्राऊटची आणि नर ब्रूक ट्राऊटचा, ब्राऊनचे क्रोमोसोम (गुणसूत्रं) 80 आणि ब्रूकचे 84, जोडी नीट जुळत नाही म्हणून पिल्लू वांझ निघतं. आणि नेमकं तेच तिकडच्या लोकांना पाहिजे असतं, कारण मासा तळ्यात स्वतःची पिल्लावळ वाढवत नाही, जेवढे सोडले तेवढेच, वर आडदांड असल्यामुळं फुकट वाढलेले बारके मासे खाऊन साफ करतो. अमेरिकेत युटा राज्यात चब नावाचा मासा माजला म्हणून तलावात हेच सोडलेत. हायब्रीड म्हणजे भेसळ असं तुम्ही लिहिलंय, तसं नाही ओ.

खरं सांगू, असा एखादा मासा मलाच पाहिजे. आमच्या तळ्यात तिलापिया इतका वाढलाय की विचारू नका, कुणी सोडला माहीत नाही, बोटाएवढा झाला की पिल्लं घालायला सुरू, आणि रोहू-कटल्याचं खाद्य हेच फस्त करतात. रोहू-कटला बिचारे साठलेल्या पाण्यात अंडीच घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते, म्हणून दरवर्षी हॅचरीतनं इंजेक्शन देऊन तयार केलेलं बीज आणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. म्हणजे एका अर्थानं आमचा कटला पण टायगर ट्राऊटच झाला की. पण परदेशी मासा आणायचा तर सरकारची परवानगी लागते, आणि ती लागावीच, पावसाळ्यात तळं फुटून ओढ्याला मिळालं तर पुढं पंचगंगाच आहे.

मासा का दिला नाही तर तो तीन किलोचा सिप्रिनस आमचा जुना गडी आहे, वरच्या ओठाला डाव्या बाजूला बारकी खाच आहे बघा, फोटोत पण दिसतीय. गळाचा उलटा काटा पकडीनं चेपलेला असतो म्हणून तो दर वेळी धड सुटतो. खायला मासा पाहिजे असंल तर शेजारच्या छोट्या तळ्यातला किलोवर देतो, हे गेटवर सांगायला पाहिजे होतं, पोराला झापलंय.

फ्लायचे 800 परत पाठवतो, ज्या नंबरवरनं बुकिंग केलं त्यावरच. परत यायचं मन झालं तर सकाळी सातच्या आत या, ऊन चढायच्या आधी तिलापिया काठाला वर येतो आणि कोंबड्याच्या पिसाची बारकी माशी पाण्याला टेकली की झडप घालतो. तुम्ही दुपारी उन्हात टाकत बसलासा, मासा सगळा तळाला, आम्हीच अडवायला पाहिजे होतं.

फ्लेक्स उतरवलाय. सध्या वैरणीच्या गंजीवर पांघरलाय, ट्राऊट खालच्या बाजूला करून.